कोंबडा गेला, आता दिवस मोजा

पत्र:
"आम्ही साताऱ्यात गोडोलीत राहतो. मागच्या अंगणात पाच गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा होता. कोंबडा पहाटे साडेतीनपासून आरवायचा. शेजारच्या इमारतीतल्या काकूंची रात्रपाळी असते, त्यांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भांडण झालं. शेवटी गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी भावाने कोंबडा माण तालुक्यातल्या त्याच्या वस्तीवर नेला. आता झालंय असं, की त्यातली एक कोंबडी परवापासून खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलीय आणि मुलगी मागे लागलीय की त्याच कोंबड्याची पिल्लं काढायची. सासूबाई म्हणतात, कोंबडा गेला की अंडी वांझ, पिल्लं कुठली निघायला. व्हिडिओत एक जण महिनाभर चालतं म्हणतो. सोमवार ते शुक्रवारची अंडी फ्रिजमध्ये आहेत, शनिवारपासूनची कट्ट्यावरच्या बुट्टीत. काय करू? आणि दुसरा कोंबडा आणू की नको?"
– एक वाचक, सातारा

ताई,

तुमचं पत्र मंगळवारचं. माझ्या हातात पडलं गुरुवारी, म्हणजे कोंबडा जाऊन अकरा दिवस झाले होते. अशा कामात पत्राला सावकाश उत्तर लिहीत बसण्यात अर्थ नसतो, म्हणून तुम्हाला त्याच संध्याकाळी फोन केला आणि चार वाक्यांत सांगितलं, की बुट्टीतली अंडी आज रात्रीच कोंबडीखाली सरकवा, फ्रिजमधली सोडा. ते तुम्ही केलंत. आता सविस्तर लिहितो, कारण कोंबडा विकला, कापला, कुणाला दिला किंवा मुंगसाने नेला की असा प्रश्न विचारणारे दर महिन्याला दोन-तीन तरी असतात.

सासूबाई चुकल्या आणि व्हिडिओवालाही चुकला. खरं काय ते दोघांच्या मधे आहे.

कोंबडा एकदा लागला की त्याचं बीज कोंबडीच्या पोटात साठून राहतं. अंड्याच्या नळीच्या शेवटच्या भागात बारीक बारीक ग्रंथी असतात, त्यात ते दिवसेंदिवस जिवंत राहतं आणि तिथून थोडं थोडं वर चढतं. आदल्या अंड्यानंतर साधारण अर्ध्या तासाने नवीन बलक सुटतो, नळीच्या तोंडाशी पाव तासात त्याचा आणि बीजाचा मेळ होतो, आणि मग वर पांढरा, पापुद्रा, कवच चढत चढत सव्वीसेक तासांनी अंडं बाहेर येतं. यातला वीसेक तासांचा वेळ एकट्या कवचाला लागतो. म्हणजे आज पडलेल्या अंड्याचा निकाल काल लागलेला असतो. सोमवारचं अंडं कोंबडा घरात असतानाच फळलेलं होतं.

हा साठा हळूहळू आटतो. पहिला आठवडा तुम्हाला फरकही कळणार नाही, अंडी जवळजवळ आधीसारखीच फळतात. दुसऱ्या आठवड्यात उतार लागतो. तिसऱ्यात दहातलं एखाद-दुसरं साधलं तर साधलं, आणि चौथ्यात कुणाची कोंबडी फळली तर ती सांगायची गोष्ट होते, धरून चालायची नव्हे. व्हिडिओवाल्याचा महिना असला एखाद्या कोंबडीचा असणार. कोंबडीगणिक फरक पडतो, कोंबड्याच्या वयाने पडतो, आणि एक गोष्ट लोक विसरतात: कोंबडा सगळ्यांना सारखा लागत नाही. त्याच्या दोन आवडत्या असतात. पाठीवरची पिसं कुणाची झडलीत ते बघा. त्यांची अंडी आधी निवडायची.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या पलूसकडच्या मळ्यात पंधरा-सोळा वर्षांमागे मी हाच घोळ घातला होता. कोंबडा जत्रेला गेला (कशाला ते सांगायला नको), आणि तीन आठवड्यांनी एक काळी कोंबडी खुडूक झाली म्हणून बारा अंडी घालून मोकळा झालो. एकविसाव्या दिवशी दोन पिल्लं. मला वाटलं बाकीची मागून निघतील. कोंबडीलाही तसंच वाटलं बहुतेक, कारण ती उठेना. दिवस मोजायचं काम तिचं नाही, ती खाली काही कुटकुटतंय का तेवढंच बघते, आणि मी ती दोन पिल्लं उचलून शेगडीशेजारच्या खोक्यात नेली होती, हा माझा दुसरा शहाणपणा. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यातलं एक अंडं तिच्या खाली फुटलं. त्या वासाने दोन दिवस म्हातारी मळ्यात जेवली नाही. कोंबडी उचलली तर हातात नुसती पिसं लागली, छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं. तेव्हापासून खुडूक कोंबडी दिसली की मी आधी कॅलेंडर बघतो.

तर तुमच्यापुढे दोन घड्याळं आहेत. एक कोंबडा गेल्यापासूनचं, दुसरं अंडं पडल्यापासूनचं. पडलेलं अंडं आठवडाभर चांगलं टिकतं, दहा दिवसांपर्यंत चालवून घेता येतं, त्यापुढे रोज बळ कमी होतं. त्यातही ते कुठे ठेवलंय यावर सगळं. फळलेल्या अंड्यातला जीव थंडाव्यात झोपून राहतो. बावीस-चोवीस अंशांच्या वर गेलं की तो अर्धवट जागा होतो, वाढायला लागतो, रात्री गारठ्यात परत थांबतो. असं चार दिवस झालं की कोंबडीखाली जायच्या आधीच त्याचा दम संपतो. फेब्रुवारी अखेरीला साताऱ्यात रात्री अजून गार असतात, पण दुपारचं ऊन आणि त्यात गॅसचा कट्टा! पुढच्या वेळी बुट्टी माठाशेजारी ठेवा. माठाखाली ओली वाळू असते, त्या कोपऱ्यात घरातलं सगळ्यात गार हवामान असतं. बुट्टीत गव्हाचा कोंडा किंवा तूस, अंड्याचं निमुळतं टोक खाली, रुंद बाजू वर. हवेची पोकळी रुंद बाजूला असते. धुवायची नाहीत. शेण लागलेलं असेल तर ते अंडं खायला, उबवायला नाही.

आमची आजी वळवाच्या दिवसांत अंड्याच्या बुट्टीत विळ्याचं मोडकं पातं ठेवायची, गडगडाटाने अंडी नासतात म्हणून. अंडी नासायची हे खरं. पण ती एप्रिल-मेच्या उकाड्याने, ढग गडगडायच्या आधीच.

फ्रिजचं विचारलंत. फ्रिजमधून काढलेल्या अंड्यातून पिल्लू निघतच नाही असं नाही, पण चार-पाच अंशांच्या गारठ्यात बराचसा जीव मरतो, शिवाय दारातल्या खाचेत अंडी दिवसातून वीस वेळा हिंदकळतात. बाहेर काढली की कवचावर घाम सुटतो आणि त्या ओलीबरोबर घाण आत शिरते. दिवसांच्या हिशोबाने सोमवार ते शुक्रवारची तुमची अंडी सगळ्यात चांगली फळलेली होती, हे वाईट वाटण्यासारखं आहे खरं. पण कोंबडीखाली दहा-बारांचीच जागा. ती जागा भरवशाच्या अंड्यांना द्यायची.

कोंबडा गेल्यानंतरची अंडी अजून फळतायत का हे बघायची सोपी युक्ती आहे. त्या दिवशीची दोन अंडी बुर्जीसाठी फोडाल तेव्हा लगेच फेटू नका. बशीत घ्या, उजेडात धरा. बलकावर एक पांढरट ठिपका असतो, तो वर नसेल तर चमच्याने बलक हळूच फिरवा. ठिपका नुसता बारका, घट्ट, कडेला वेडावाकडा असेल तर अंडं वांझ. त्याच्याभोवती गोल कडं दिसत असेल, तीन-चार मिलिमीटरचं, मधे फिकट आणि कडेला पांढरं, कुणीतरी बारीक टिकली काढल्यासारखं, तर ते फळलेलं. एकदा दोन्ही शेजारी शेजारी बघितली की डोळ्याला सवय होते. बलकावर कधी रक्ताचा ठिपका दिसतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ते कोंबडीच्या आतली बारीक शीर फुटल्यामुळे होतं. आणि फळलेलं अंडं खाल्लं म्हणून काही बिघडत नाही, गावाकडे सगळे तेच खात आलेत.

आता बसवण्याचं. गावरान कोंबडी हे तुमचं नशीब समजा. गिरिराज, वनराज असल्या सुधारित जाती अंडी जास्त देतात पण खुडूक बसत नाहीत, त्यांची पिल्लं काढायची तर मशीन लागतं नाहीतर दुसऱ्याची कोंबडी. तुमची खरंच खुडूक आहे ना ते मी फोनवर विचारलं होतं: हात जवळ नेला की फुलून चपटी होते, घशातून खुडूक खुडूक करते, पोटाखाली हात घातला तर ऊन लागतं आणि पिसं झडून कातडी उघडी झालेली असते. तुम्ही म्हणालात, "मला टोचली." झालं, पुढे विचारायचं कारण उरलं नाही.

एकच नियम मात्र कडक पाळायचा, सगळी अंडी एकाच रात्री घालायची. आज पाच, उद्या दोन, परवा आणखी दोन असं केलंत की पहिली पिल्लं निघाल्याबरोबर कोंबडी त्यांना घेऊन चालू लागते आणि मागची अंडी गार पडतात. आणि बाकीच्या चौघी त्याच बुट्टीत जाऊन ताजी अंडी घालतात, त्यासाठी पेन्सिलने प्रत्येक अंड्यावर खूण करायची. बिनखुणेचं दिसलं की संध्याकाळी काढून घ्यायचं. अंडी घालण्याआधी बुट्टीत मूठभर चुलीची राख टाका, उवा-पिसवांनी हैराण झालेली कोंबडी अर्ध्यातून उठते. त्यावर वाळलेलं पाचट किंवा काड बारीक करून. जागा अंधाराची, मांजर-मुंगसाला बंद, आणि बाकीच्या कोंबड्यांपासून लांब. कोंबडीला हलवायचं ते रात्री.

पुढे तुमचं काम कमी. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठेल, मका टिपेल, पाणी पिईल, एक भलीमोठी घाणेरडी विष्ठा टाकेल (घाबरू नका, दिवसभराची साठवलेली असते) आणि परत जाऊन बसेल. अंडी तीच फिरवते. मुलीला सांगा, दर तासाला बघायचं नाही.

सातव्या रात्री अंडी उजेडावर बघायची. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, मागून मोबाईलची बॅटरी, भोकावर अंड्याची रुंद बाजू. गावरान अंड्याचं कवच फिकट असतं, छान दिसतं. लाल बारीक शिरा कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या आणि मधे गडद ठिपका हलताना दिसला की जीव धरला. आरपार पिवळसर, स्वच्छ दिसलं तर वांझ. रक्ताची नुसती गोल रेघ दिसली तर जीव धरून मेला. शेवटची दोन्ही काढून टाकायची, आणि आठवडाभर कोंबडीखाली राहिलेली अंडी खायची नाहीत, झाडाच्या मुळाशी खोल पुरायची. त्या माझ्या मळ्यातल्या काळीसाठी मी एवढं केलं असतं तर म्हातारी उपाशी राहिली नसती.

हे इतकं लिहून झालं आणि परवा शुक्रवारी तुमचा निरोप आला. अकरा घातली होती, उजेडावर बघताना बारा निघाली. आठांत शिरा, तीन आरपार, आणि एकात रक्ताची रेघ, ज्याच्यावर पेन्सिलने चांदणी काढलेली होती. चांदणीवालं अंडं शुक्रवारचं, फ्रिजमधलं. मुलीने गुपचूप सरकवलेलं. तिला रागावू नका. माझ्या अख्ख्या लांबलचक उत्तरापेक्षा तिच्या एका अंड्याने फ्रिजचं जास्त नीट सांगितलं. आरपार निघालेल्या तिनांतली दोन बुधवार-गुरुवारची, म्हणजे दहाव्या-अकराव्या दिवसाची. तिसरं शनिवारचं, ते तुमच्या पांढऱ्या कोंबडीचं असावं, तिच्या पाठीवरची पिसं शाबूत आहेत, म्हणजे ती कोंबड्याची आवडती नव्हे.

बसवली गुरुवारी रात्री, तर तिथून तिसऱ्या गुरुवारी एकवीस दिवस भरतील. शुक्रवारपर्यंत वाट बघायची. शेवटचे तीन दिवस तिला अजिबात हलवायचं नाही. पिल्लू अंड्याला भोक पाडून तासन्‌तास थांबतं, तेव्हा कवच सोलून मदत करायला जायचं नाही, आतल्या पापुद्र्यातलं रक्त अजून ओढून घ्यायचं असतं त्याला. निघालेली पिल्लं दीड-दोन दिवस पोटातल्या बलकावर राहू शकतात, म्हणून खाऊ घालायची घाई नको, कोंबडी स्वतः खाली उतरेल तेव्हा तांदळाच्या कण्या किंवा पिल्लांचं स्टार्टर खाद्य. पाणी उथळ झाकणात, त्यात चार खडे, नाहीतर बुडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस (नाव लासोटा), डोळ्यात एक थेंब. कुपी शंभर पिल्लांची येते आणि फोडली की एक-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे आसपास कुणी पिल्लं काढली असतील तर एकत्र करा. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये घारीही फिरतात, महिनाभर पिल्लं डालग्याखाली.

आता तुम्ही न विचारलेलं. आठांतून समजा सहा निघाली, त्यातले तीन कोंबडे असतील. चार-पाच महिन्यांनी तिघेही आरवतील आणि काकूंची रात्रपाळी तिथेच असेल. निमुळतं अंडं कोंबड्याचं, गोल अंडं कोंबडीचं हे सासूबाई सांगतील, त्यात तथ्य नाही. नर का मादी हे कोंबड्यावरही नसतं, कोंबडीवर असतं. माणसात ते बापावर असून बोल आईला लावतात, कोंबड्यांत खरंच आईवर आहे आणि तिला कुणी विचारत नाही. दीड-दोन महिन्यांत तुऱ्यावरून ओळखू येतील: ज्यांचा तुरा लवकर लाल आणि मोठा होतो ते नर. त्यांना आरव फुटायच्या आधी भावाच्या वस्तीवर पाठवायचं हे त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा. तोही किती कोंबडे सांभाळणार? एका कळपात दहाला एक पुरतो.

कोंबड्याला रात्री खोक्यात झाकून ठेवलं तर आरवत नाही असं कुणी सांगेल. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही ही म्हण आपल्याला पाठ आहे. गंमत म्हणजे कोंबडंही आरवायचं राहत नाही. जपानातल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून दाखवलं, की पहाटेचा आरव त्यांच्या अंगातल्या घड्याळाने येतो, बाहेर उजाडो न उजाडो. अंधाराने थोडा उशीर किंवा आवाज कमी झाला तर नशीब.

म्हणून दुसरा कोंबडा आणू नका. पुढच्या वेळी कोंबडी खुडूक बसली की भावाकडून फळलेली अंडी मागवा. म्हसवड-दहिवडीहून साताऱ्यापर्यंत एसटीत मांडीवर, कोंड्यात पुरून, सकाळच्या गाडीने. आणल्यावर एक रात्र निमुळतं टोक खाली करून स्थिर ठेवा, मग कोंबडीखाली. त्याच कोंबड्याची पिल्लं, आणि तुमच्या अंगणात आरव नाही. कधी जातच बदलायची म्हणून नवीन कोंबडा आणलात तर लक्षात ठेवा, जुन्याचा साठा तीनेक आठवडे राहतो. तोवरची पिल्लं कुणाची ते सांगता येणार नाही.

आणि पिल्लं निघायच्या आधी एकदा काकूंकडे जाऊन या. कोंबडे मोठे व्हायच्या आत जातील एवढं स्वतः सांगा, त्यांना तिसऱ्या मजल्यावरून दिसण्याआधी. रिकाम्या हाताने जाऊ नका. फ्रिजमधली ती सोमवार ते शुक्रवारची अंडी अजून असतील, पण ती घरीच संपवा. काकूंना या आठवड्यातली सहा ताजी न्या. वार कुठला पाळतात ते आधी विचारून.